भूलवाल्या बाईंचं चित्र

धडधाकट माणसाला घटकेत झोपवणारी, पण दोन पोरांना पाच मिनिटं गप्प बसवू न शकणारी बाई अख्ख्या सौदी अरेबियात एकच होती, आणि ती नेमकी आमच्या वरच्या मजल्यावर राहत होती. रियाधच्या ज्या इस्पितळात मी कचेरीत होतो, तिथेच या बाई भूल देणाऱ्या डॉक्टर. यजमान दम्मामला नोकरीला, त्यामुळे शुक्रवारची सुट्टी मोकळी, आणि मोकळ्या सुट्टीत त्यांच्या अंगात चित्रकला संचारत असे. बहिणीने परदेशातून पाठवलेल्या जाडजूड पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा चित्रकर्तीने काढलेलं बहीणभावाचं चित्र होतं. अगदी तस्संच आमच्या मिनू आणि रोहितचं काढायचं, हा बाईंचा ध्यास. चित्रातल्या मुलांचे पाय गुडघ्यापासून काळेभोर, म्हणून बाईंनी बत्ह्याच्या बाजारातून काळे लोकरी मोजे आणले आणि भर उन्हाळ्यात पोरांना चढवले. "आंटी, खुजली हो रही है!" म्हणत पोरं पाय घाशीत, चिमटे काढीत, खिदळत. "हसू नका रे! त्या काळातली मुलं हसत नसत!" बाई ओरडत, आणि तासाभरात खुर्चीचा एक पाय तेवढा रंगून होई. शेवटी माझ्या बायकोने, सुधाने, पान उलटून मागे उतरलेली शाई दाखवली. मोजे कसले, उघडे पाय दिसू नयेत म्हणून सौदी कस्टमवाल्याने ते मार्करने झाकले होते! बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "राहू दे सुधा," त्या म्हणाल्या, "त्याला चित्रातलं कळतं. छान दिसतायत."

मग युद्ध आलं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लागल्या, हल्ल्याचा भोंगा वाजला की पोरं पलंगाखाली. सुधाला आणि मुलांना ओळखीच्या कुटुंबाबरोबर गाडीने जेद्दाला, तिथून भारतात पाठवायचं ठरलं. बाईंच्या आणि माझ्या रजा रद्द. मुलं पुन्हा दिसतील की नाही, कुणास ठाऊक. बाई खाली आल्या. "भावजी, चेहरे राहिलेत. हा एक शुक्रवार द्या. मागे तुम्हाला बघायला काही तरी नको का?"

त्या शुक्रवारी पोरं न सांगता मोजे चढवून बसली. खाजवलं नाही, चिमटा नाही, हूं की चूं नाही. बाईंनी कुंचला उचलला, पाहिलं, खाली ठेवला. नाकाला लाल रंग फासला, डोळे तिरळे केले, रंगाचं फडकं डोक्याला गुंडाळून चक्क नाचल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई! मी हसलो. पोरं बघत राहिली.

"आंटी," रोहितने ओठ न हलवता विचारलं, "हम हिलेंगे तो सायरन बजेगा?"

बाई त्याच्यासमोर फरशीवर बसल्या. "नाही रे राजा. हल. हवा तेवढा हल."

तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. मिनूने हात हलवला, रोहित दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. गाडी वळली तरी बाई आणि मी दारात उभे होतो, आणि त्यांच्या नाकाचा लाल रंग अजून पुरता गेला नव्हता.