फटी बुजवणारी

बांधकामावरचे लोक तिला तोंडावर फटअक्का म्हणायचे आणि ती पाठमोरी झाली की फटाका. दोन्ही नावं तिला शोभायची. नवं घर उभं राहिलं की रंगाचा हात फिरायच्या आत तिला बोलावणं जायचं. ती सगळ्या खिडक्या लावून घ्यायची, पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची आणि धुराची नळी घेऊन भिंतींच्या कडेकडेने फिरायची. धूर जरा कुठे वाकला की तिथे फट. मग सुताराची धडगत नसे.

"इथून घरातली ऊब पळणार," ती म्हणायची, "आणि तुम्ही काय तिला निरोप द्यायला उभे राहणार?"

ही घरं नव्या तऱ्हेची होती. हातभर जाड भिंती, आत दाबून भरलेला लाकडाचा भुसा, खिडक्यांना काचेचे तीन थर. शिळी हवा बाहेर जाता जाता आपली ऊब ताज्या हवेला देऊन जाईल, अशी यंत्राची सोय. शेगडी नको, कोळसा नको. माणसांच्या वावराने आणि स्वयंपाकाच्या वाफेनेच घर उबदार राहायचं. यापुढे अशीच घरं बांधायला हवीत, असं सगळेच म्हणायचे. तिला ते पटवून द्यायची गरज नव्हती.

ती शाळेत असताना तिची आई गेली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले; घरच्यांनी मात्र थंडीचंच नाव घेतलं. तळमजल्यावर, रस्त्याला लागून त्यांची एकच खोली. वडील शिंपी, त्यामुळे चिंध्यांना तोटा नव्हता. खिडकीच्या फटींत ते चिंध्या कोंबायचे आणि वारा त्या ढकलून आत यायचा. शेगडी पेटवली की धुराने आईचा खोकला वाढायचा, विझवली की ती कुडकुडायची. पोरीने तो हिवाळा शेगडी पेटवण्यात आणि विझवण्यात काढला आणि शेवटी दोन्ही सारखंच ठरलं.

पुढे वडिलांनीच तिला लहानाचं मोठं केलं. उतारवयात काचबिंदूने त्यांची नजर गेली, तरी ते खिडकीशी शिवणयंत्रापुढे बसायचे आणि कानांनी रस्ता बघायचे. पावलांवरून माणूस ओळखायचे. समोरच्या घड्याळजीला जुनाट खोकला होता. तो कोपऱ्यावर ऐकू आला की म्हणायचे, "खोकला आला, आता मागून माणूस येईल." घड्याळजीही थांबून दोन शिव्या हासडायचा आणि मगच पुढे जायचा. जाणारा-येणारा प्रत्येक जण खिडकीत काहीतरी बोलून जायचा.

ती जुनी इमारत पाडायची ठरली, तेव्हा तिने नव्या वसाहतीत घर घेतलं. तिथल्या प्रत्येक घराची तपासणी तिनेच केली होती; स्वतःच्या घराची जरा जास्तच. सुताराने शेवटी हात जोडले. "अक्का, आता या घरातून मुंगीसुद्धा रजा घेतल्याशिवाय बाहेर पडायची नाही!"

हिवाळ्याच्या तोंडावर तिने वडिलांना आणलं. ते अनवाणी, भिंतीवर हात फिरवत सगळीकडे हिंडले. "उबदार आहे गं," ते म्हणाले. "तुझी आई असायला हवी होती." तिने तोंड फिरवलं. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यापुढे तोंड फिरवायची गरज नव्हती, तरी फिरवलं.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते.

"बाबा, मी आले."

ते दचकले. "केव्हा? चाहूल लागली नाही तुझी." मग खालच्या आवाजात म्हणाले, "खरं सांग, माझे कानही गेले का गं?"

"काहीतरीच काय! काचा जाड आहेत, बाहेरचा आवाज आत येत नाही. किती शांत वाटतं बघा."

"हो, शांत आहे," ते म्हणाले.

तिने रेडिओ आणून दिला. पण रेडिओ नुसताच बोलायचा. 'काय शिंपीबाबा, जेवलात का?' असं काही विचारायचा नाही. त्यांचं बोलणं आटत गेलं, जेवण चिमणीएवढं झालं. वय झालं, असं तिने स्वतःला समजावलं.

ऐन थंडीत एकदा ती घरी आली, तर घर गारठलेलं. खिडकी सताड उघडी आणि वडील बाहेर कान लावून बसलेले, ओठ निळे पडलेले. तिने धावत जाऊन खिडकी लावली.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? आईचं काय झालं, विसरलात?"

"मी कसा विसरेन? तू विसरलीस. ती गेली तेव्हा या खिडकीत... त्या खिडकीत माणसं उभी होती, पोरी. त्यांच्या आवाजावर मी दिवस काढले."

दुसऱ्या दिवसापासून ती लवकर घरी यायला लागली. वडिलांच्या अंगावर दोन गोधड्या घालायची, स्वतः कोट चढवायची आणि खिडकी उघडून दोघं बसायची. वडील कानात प्राण आणून ऐकायचे. पण रस्त्यावर कोणी नसायचंच. सगळी वसाहत आपापल्या उबेत, दारं लावून बसलेली. कधी एखादी गाडी यायची, कुणीतरी उतरून झपाझप आत जायचं, दार मऊसं मिटायचं.

"कोण होतं?" वडील विचारायचे.

"माहीत नाही, बाबा."

"बरं." मग स्वतःच म्हणायचे, "लाव आता. घर गार पडतंय तुझं."

घड्याळजीला आणायला ती गेली, तर तो मुलाकडे दूरच्या गावी निघून गेलेला. फोन लावून दिला. दोघे म्हातारे ओरडून ओरडून बोलले, एकमेकांना शिव्या दिल्या, हसले. त्यानंतर काही दिवसांतच, एका दुपारी, वडील खुर्चीतच गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. थंडीचा काही संबंध नाही, हेही त्यांनी तिला सांगितलं. तिनेच विचारलं होतं.

वडिलांना न्यायला गाडी दाराशी लागली तेव्हा शेजारीण पहिल्यांदा बाहेर आली. "तुमच्याकडे वडील राहत होते?" ती ओशाळून म्हणाली. "आम्हाला कळलंच नाही हो. पलीकडचं काही ऐकूच येत नाही."

"नाही येणार," फटअक्का म्हणाली. "ती भिंत मीच तपासली होती."

आजही ती तेच काम करते. एखाद्या घरात काम करताना कुडकुडणारी आई आठवली की तिचा हात आणखी बारकाईने फिरतो. फक्त नवी वसाहत आखताना ती बांधणाऱ्यांच्या मागे लागते, की दारांसमोर, लोक जिथून जातात तिथे, बसायला एक बाक ठेवा. काही जण ठेवतात. काही जण म्हणतात, अक्का, एवढ्या थंडीत बाहेर बसणार कोण?