सोपानची जर्मन वही

आफ्रिकेत यूएन मिशनवर आमच्या कंपनीशेजारी जर्मन डॉक्टरांचं हॉस्पिटल होतं. माझ्या सेक्शनमधला नाईक सोपान राहाता गावचा. संध्याकाळची गेम्स परेड संपली की तो वही घेऊन तिकडे जायचा. एका बाजूला रोजचे इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन, सगळं देवनागरीत. वॉटर, वासर. पेन म्हणजे दुखणं, श्मेर्त्स.

"उस्ताद, आपन मान नावाच्या मागं लावतो, राव न्‌ बाई. ही लोकं फुडं लावत्यात. हेर, फ्राउ."

"मग लिहून ठेव."

"लिवलंय. 'गुटेन मोर्गेन, फ्राउ कलावती.' घरी गेलो की रोज सकाळी हीच हाक मारनार."

कलावती त्याची बायको. वही तिला दाखवायची, एवढीच त्याची हौस. दुसरं वाक्य होतं, 'हाऊ फार इज राहाता?' आफ्रिकेत बसून हा गडी जर्मनांना राहात्याचा रस्ता विचारत होता. आम्ही पोट धरून हसायचो.

एका मंगळवारी १०४० ला आमच्या कॉन्व्हॉयवर फायर आला. मी वायरलेस सेटवर बोललो, "अल्फा टू. कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

"अल्फा टू, हॉस्पिटलला आणा. ओव्हर."

सोपानला घेऊन ११२५ ला पोचलो. सोपाननं डॉक्टरीणबाईंना 'फ्राउ डॉक्टर' म्हणून जर्मनमध्ये पाणी मागितलं. १३१० ला तो गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीचे कॅप्टन साहेब आले. "हवालदार, वही मी स्वतः त्याच्या घरी पाठवीन. माय वर्ड." अफसरचा शब्द म्हणजे शब्द, असं मी चौदा वर्षं मानत आलो होतो. वही दिली.

राहात्याला सोपानची ट्रंक पोचली, वही नाही. कलावती वहिनी फोनवर विचारायच्या. "येईल, साहेबांनी शब्द दिलाय," मी दरवर्षी हेच सांगायचो. साहेबांना पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

पेन्शनवर मी माझ्या गावी पारनेरला आलो. गेल्या वर्षी पलटणीच्या मेळाव्यात एक छापील पुस्तक हाती पडलं, जवानांसाठी रोजचं जर्मन. कव्हरवर त्याच साहेबांचं नाव. सोपानचं आत-बाहेर कुठंच नाही. केसानं गळा कापला, तोही मेलेल्या माणसाचा. आणि वही मी माझ्या हातानं दिली होती.

पुस्तक घेऊन राहात्याला गेलो, वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पानं चाळली. राहाता काय न्‌ कलावती कोण, साहेबांना कुठं ठाऊक? वाक्यं जशीच्या तशी छापली होती. 'हाऊ फार इज राहाता?' त्याखाली, 'गुटेन मोर्गेन, फ्राउ कलावती.'

"भावजी, म्हंजी काय वो हे?"

गुटेन मोर्गेन म्हणजे सकाळचा नमस्कार, बाईला फ्राउ, बाप्याला हेर, मी सांगितलं. मी माफी मागितली.

वहिनींनी पेन घेतलं. कव्हरवरच्या नावावर रेघ मारली. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नापासून कधी तोंडानं घेतलं नव्हतं. रेघेखाली त्यांनी सावकाश लिहिलं, हेर सोपान.