खोबऱ्याचा पहिला तुकडा

परवा होटगी रोडवरच्या गॅरेजात मेकॅनिकनं माझ्या गाडीची खडखड ऐकून जुन्या इंजिनात घालायच्या ॲडिटिव्हचा डबा उघडला आणि त्या उग्र वासानं मला माझी जुनी जीप आठवली.

वीस वर्षांपूर्वी झिजलेली जीप विकताना मी तेच मधासारखं घट्ट रसायन उन्हात पातळ करून ऑइलमध्ये ओतलं होतं. चार दिवसांपुरती खडखड दबली. जीप घ्यायला आलेल्या बार्शीच्या गुरुजींनी बॉनेटला कान लावला. "इंजिन लई गोड चालतंय की!" म्हणत त्यांनी तिथंच नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. बोटांना तोच वास होता, तरी मी तो तुकडा चवीनं खाल्ला. शी!

"गाडी वापरायची हाय का इकायची?" मेकॅनिकनं विचारलं. "इकायची असंल तर सगळा डबा वततो."