टाकीतला अंगारा

माझे भासरे राजपाल बावीस वर्षांत माझ्याशी एक शब्द सरळ बोलले नाहीत. मीही नाही. यात भांडण काही नाही. आमच्या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या भावासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्याशी बोलत नाही, आणि त्यांच्या अंगाला चुकूनही हात लावत नाही. माझ्या जाऊबाई गोमतीबाई होत्या तोवर निरोप त्यांच्या तोंडून जायचे. त्या गेल्यावर आम्ही भिंतीशी बोलू लागलो.

त्यांना चहा हवा असला की ते ओसरीतून भिंतीकडे पाहून म्हणत, "चहा भेटते का म्हणा."

मी आतून भिंतीलाच सांगे, "साखर सरली, गुळाचा चालते का म्हणा."

"चालते म्हणा."

आमचे हे, वीरेंद्र, मधे बसलेले असले की म्हणत, "त्या भितीले पगार सुरू करा आता. दोन मान्सांचं काम करून राह्यली ते."

घर धनजला, आणि भासऱ्यांचं गॅरेज कारंज्यात, मंगरूळपीरच्या रस्त्याला. लोकांच्या गाड्या ते तिथे दुरुस्त करत. स्वतःची मात्र घरी ठेवत, ओसरीत, माझ्या देवघराच्या भिंतीपलीकडे. एकोणीसशे ब्याऐंशी सालची येझदी. तिला दिवा नाही, आरसे नाहीत, नंबरची पाटीसुद्धा नाही. सायलेन्सर वर उचलून बसवलेला, मडगार्ड चाकापासून वीतभर उंच, आणि टायरला बोटभर जाडीच्या रबरी गुट्ट्या. ती रस्त्यावर चालवायची गाडीच नव्हती. मातीच्या ढिगाऱ्यांवरून उडवायची होती. तरुणपणी भासरे तिच्यावर नागपूर, अमरावती, पार नाशिकपर्यंत मोटोक्रॉसच्या शर्यती खेळून आले. पहिला नंबर कधी आला नाही. दोन कप मिळाले ते तिसऱ्या नंबराचे. एकात ते वायसर ठेवत, दुसऱ्यात स्प्रिंगा.

रविवार त्या गाडीचा. सकाळी माझी पूजा चाले तेव्हा पलीकडे त्यांचंही काहीतरी तसंच चाललेलं असे. तिच्या पेट्रोलात मोजून ऑइल टाकावं लागे. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने ते मोजत, एका लिटरला चार टोपणं, आणि चौथं टोपण उलटं धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबत. मग ते सगळं गोमतीबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळून टाकीत ओतत. मी खिडकीतून पाहत असे. देवाचं पाणी आपण वस्त्रगाळ करतो, तसं हे त्यांचं सोवळं असेल, असंच मला वाटे.

गोमतीबाई नवऱ्याच्या या नादावर रोज बोलत. "घरात बायको आजारी पडली तं विचारत नाई, अन् हे गाडी जरा खोकलली का रातभर झोप नाई." पण शर्यतीला निघायच्या दिवशी पायरीवर उभं करून त्यांच्या कपाळाला अंगारा त्याच लावत. "हातपाय घेऊन या घरी. कप नाई आनला तरी चालते," एवढंच म्हणत. घरातून दूरच्या वाटेला निघणाऱ्या प्रत्येकाला अंगारा लावायची आमच्याकडे रीत आहे. यांना आणि मुलांना मी लावते. उदबत्तीची राख पितळी डबीत जमा करून ठेवते, ती दत्ताच्या फोटोसमोरची असते.

तीन वर्षांमागे गोमतीबाई गेल्या, काविळीने, अकरा दिवसांत. त्यानंतर भासरे शर्यतीला गेले नाहीत. गाडी रविवारी पुसत तेवढी.

मागच्या मार्गशीर्षात कुणीतरी निरोप आणला की आसेगावच्या बाजूच्या माळावर मातीची शर्यत आहे आणि जुन्या गाड्यांचा गट वेगळा ठेवला आहे. सहा फेऱ्या. भासरे दोन दिवस गाडीभोवती फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी गाडीचं इंजिन खोलून कारंज्याला घेऊन गेले, जमशेदभाईंकडे. जमशेदभाईंचं लेथ मशीनचं दुकान. त्या येझदीचं सिलिंडर गेली तीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी कातलेलं नाही. काम झाल्यावर ते स्वतः बसवायला आले, आणि ओसरीत दोघांचं चाललेलं बोलणं मला आत ऐकू आलं.

"राजपालभाई, हा आखरी पिस्टन. याच्यापुढं भोक मोठं करायले लोखंडच राह्यलं नाई. आतून नवी स्लीव्ह बी एकदा मारून झाली, दुसऱ्यांदा हे सिलिंडर धरनार नाई."

"मालूम हाये."

"अन् मायी नजर बी आता कुठं पह्यलेसारखी राह्यली? हा जाम झाला तं ह्या गाडीचा काय, पानी तापवाचा बंब करा."

"मी कायले जाम होऊ देतो?"

"तुमी नाई हो. कचरा करते जाम. तुमची काय बात."

चालत्या इंजिनात पिस्टन आतल्या आत चिकटून बसतो, त्याला जाम होणं म्हणतात, हे मला इतक्या वर्षांत ऐकून ठाऊक झालं होतं.

जमशेदभाई गेल्यावर भासरे यांना म्हणाले, "ईरेंद्र, नंबर येवो का न येवो. हे गाडी एकदा पुऱ्या सहा फेऱ्या फिरली पाह्यजे. मंग झाकून ठेवतो." आणि थोड्या वेळाने, "गोमती म्हने, अजून एकदा तं शेवटपर्यंत पोचून दाखवा." गाडी अर्ध्यात बंद पडून परत आणल्याच्या कितीतरी गोष्टी आमच्या घरात होत्या. त्या सांगताना गोमतीबाईच जास्त हसत.

शर्यतीच्या सकाळी टेम्पो दारात आला. आसेगाव माझं माहेर, म्हणून मीही डबा घेऊन निघणार होते. यांना अंगारा लावला. तेवढ्यात भासरे आतून आले आणि पायरीवर जाऊन उभे राहिले, जिथे गोमतीबाई त्यांना उभं करत, अगदी तिथेच. तोंड दाराकडे. मला वाटतं, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. क्षणभर थांबले, मग हाताने कपाळ पुसल्यासारखं केलं आणि खाली उतरले.

माझ्या हातात डबी उघडी होती. त्यांच्या कपाळाला माझं बोट लागणं शक्य नव्हतं. गाडीला वरून लावला असता तर त्यांनी तो पुसून टाकला असता. टाकीवर माशी बसली तरी ते फडकं मारतात. ते आणि हे दोर शोधायला मागे गेले. टाकीचं झाकण कसं फिरतं हे मी खिडकीतून शंभरदा पाहिलं होतं. चिमूटभर अंगारा आत सोडला, 'दत्तगुरू, सांभाळ' म्हटलं आणि झाकण लावलं. जमशेदभाईंचं कचऱ्याचं बोलणं मी विसरले नव्हते. पण देवाचं ते कचऱ्यात मोडत नाही, अशी माझी समजूत.

माळावर मुरमाचा रस्ता वळवून वळवून आखला होता आणि मधे मधे मातीचे उंच ढिगारे घातले होते. बायकांना बसायला एक पळस होता, पानं झडलेला. जुन्या गटात सात गाड्या. सुरुवातीची रेघ पळसापासून दहा पावलांवर असेल. आमचे हे पाण्याची कॅन घेऊन पार पलीकडच्या वळणावर गेले होते, जमशेदभाई मधल्या ढिगाऱ्याजवळ. भासरे गाडीपाशी उकिडवे बसले होते आणि शेजारच्या गाडीवाल्याला, अकोल्याचा कोणी होता, काहीतरी समजावून सांगत होते.

"इथून पेट्रोल जाते. ह्या भोकातून सुई बी जात नाई. इथं जराशी बी घान अटकली का पेट्रोल कमी. पेट्रोल कमी म्हनजे त्याच्यातलं ऑइल कमी. मंग पिस्टन कोरडा. दोन फेऱ्या खेचते, तिसरीत जाम."

"घान म्हनजे केवढी, काका?"

"केवढी काय? राख असते ना, तेवढी."

माझ्या हातातला डबा मांडीवर कलंडला. उठले. सांगायला हवं होतं. सांगायला एक मिनिट पुरलं असतं, त्यांनी टाकी रिकामी केली असती, धुतली असती, उशीर झाला असता फार तर. मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. पदर डोक्यावर होता तो आणखी पुढे ओढला. इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी जवळ नव्हतं. त्या माळावर भिंतही नव्हती.

मी पळसाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "गाडी थांबवा म्हणा. टाकीत राख हाये म्हणा."

आवाज मोठा नव्हता. बावीस वर्षं त्यांच्यासमोर मोठा आवाज काढलाच नव्हता, तर त्या दिवशी कुठून येणार? तोवर त्यांनी हेल्मेट चढवलं होतं. किक मारली. सात गाड्यांचा धूर आणि आवाज असा उठला की शेजारच्या बाईने विचारलं, "कोनाशी बोलता हो?"

झेंडा पडला.

पहिल्या फेरीत ते पाचवे होते. दुसरीत चौथे. तिसरी संपली तेव्हा मी मनात म्हटलं, देवाने राख पोटात घातली. चौथ्या फेरीत ते सगळ्यांच्या पुढे होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गाडीवर उभा, गुडघे वाकवून, ढिगाऱ्यावरून असा सहज जात होता, जसं मी त्यांना घरात चालतानाही पाहिलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते. ढिगाऱ्याजवळ जमशेदभाई मात्र मान वाकडी करून उभे होते. नजर गेली तरी कान शाबूत होता त्यांचा. नंतर त्यांनी सांगितलं की तेव्हाच आवाज पातळ झाला होता, डब्यात खडे वाजल्यासारखा.

पाचव्या फेरीत मधल्या ढिगाऱ्यावरून गाडी हवेत गेली आणि हवेत असतानाच आवाज बंद झाला. मागचं चाक फिरायचं थांबलेलं मला पळसाखालून दिसलं. खाली टेकली ती दगडासारखी.

भासऱ्यांच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. अकोल्याला नेलं, आत सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण काठी राहील. गाडीवर बसायचं नाव काढू नका.

महिन्याने ते घरी आले. खाट ओसरीतच टाकली, गाडीशेजारी. जमशेदभाई एकदा भेटायला आले तेव्हा भासऱ्यांनी त्यांना गाडी खोलायला लावली. मी आत दाणे निवडत होते. हात थांबले. वर्तमानपत्रावर काहीतरी ठकठक करून पाडल्याचा आवाज आला.

"राजपालभाई, हे मुरूम नोहे. राख हाये. अन् हे पाहा, काडी. उदबत्तीची दिसते. कोन..."

मला दिसत नव्हतं, पण भासरे भिंतीकडे पाहत होते हे मला भिंतीच्या अलीकडून कळलं.

"पेट्रोल गायाचा कपडा फाटला असन," ते म्हणाले. "गोमतीच्या लुगड्याचा. जुना झाला."

"कपडा तं साबूत हाये. हा काय, मी आताच..."

"फाटला हाये म्हनतो ना."

जमशेदभाईंनी हत्यारं गोळा केली. चहाही न घेता गेले. मी रात्री यांना सगळं सांगितलं. हे छताकडे पाहत म्हणाले, "त्याले कायले सांगतं आता? गाडी जिती होनार हाये का?" माझ्या रोजच्या वहीत मी एकादशा लिहिते, कोण आलं गेलं लिहिते. शर्यतीच्या तारखेखाली 'आसेगावला गेलो' एवढंच आहे. पुढची ओळ मी रोज लिहायला घेई आणि राहून जाई. दत्ताच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना हात चाले, पण तोंडात नाव येत नसे.

शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी मी चहा घेऊन ओसरीत गेले. कप स्टुलावर ठेवला आणि परत फिरले नाही. पदर होता तसाच होता. त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "दादा, तो अंगारा मी टाकला होता टाकीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीला म्हणाले, "मालूम हाये म्हणा."

मी उभीच होते.

"चांगल्यासाठीच टाकला असन म्हणा," ते म्हणाले. कप उचलला, पण प्यायले नाहीत. "साडेचार फेऱ्या झाल्या म्हणा."

एवढंच. माफ केलं का, ते मला आजही माहीत नाही. गॅरेज त्यांनी बंद केलं. रविवारी आता ओसरीतून काही आवाज येत नाही.

परवा त्यांना पाय दाखवायला अकोल्याला जायचं होतं. टेम्पो आला. ते काठी टेकत पायरीवर आले आणि थांबले, त्याच जागी. दाराकडे तोंड. या वेळी कपाळ पुसलं नाही, थांबूनच राहिले. मी डबी उघडली आणि उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागे सरले. त्यांना वाकायला वेळ लागला. हे धरायला पुढे झाले तर त्यांना हातानेच नको म्हणाले. चिमूट घेतली आणि स्वतःच्या बोटाने स्वतःच्या कपाळाला लावली. वाकडा लागला, भुवईवर उतरला. मग एकेक पायरी उतरून गेले.

टेम्पो गेल्यावर मी डबी उचलली. येझदीवर गोमतीबाईंचं लुगडं टाकलेलं आहे. ते जरा बाजूला करून मी किकवर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहिला. हलली नाही.