रात्रीची पाळी

विश्रांतवाडीहून सदाशिव पेठेत जाताना, संगम पुलाच्या अलीकडे, कौशल्याच्या पाठीवर एकाएकी भार आला. मागे बसलेली राजनंदिनी जरा रेलली असेल, असं तिला वाटलं. मग तो भार डावीकडे सरकायला लागला आणि गाडी हेलपाटली. कौशल्याने एक हात मागे नेऊन मुलीचा दंड घट्ट धरला आणि कशीबशी गाडी थांबवली. मागची बस हॉर्न वाजवत अगदी अंगाजवळून गेली.

सोळा वर्षांची मुलगी चालत्या गाडीवर गाढ झोपली होती.

एका गृहस्थांनी गाडी कडेला घेऊन दिली. "घरी गादी नाही का हो?" एवढं विचारून ते निघून गेले. एरवी कौशल्याने त्यांना जागच्या जागी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ती मुलीचा दंड धरूनच उभी राहिली.

तशी ती घाबरट नव्हती. लग्न होऊन वाशीमहून पुण्यात आली तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. नवरा ज्ञानदेव चाकणच्या कारखान्यात कामाला जायचा. कौशल्याने पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात नोकरी धरली. ती फोन घ्यायची, नंबर लावायची, रडणाऱ्या पेशंटचा हातही धरायची. मुलीचा क्लास जवळच होता, म्हणून दोघी रोज एकाच गाडीवर यायच्या.

पण गेले काही महिने राजनंदिनी झोपत नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, जेवताना घास हातातच राहायचा. विचारलं की म्हणायची, "अभ्यास असतो गं." पुलावरच्या प्रसंगानंतर कौशल्या तिला डॉक्टर दीपालींकडे घेऊन गेली आणि झोपेची गोळी मागितली. डॉक्टरांनी साफ नकार दिला. आधी सवयी बदलून बघू, म्हणाल्या. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा, दुपारनंतर चहा बंद, आणि झोप लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळेला उठून उन्हात फिरून यायचं. उठताना मुलीला म्हणाल्या, कसली काळजी असेल तर आईशी बोल.

कौशल्याने सगळं केलं. मुलगी निमूट ऐकायची, आणि सकाळी तेच तांबारलेले डोळे घेऊन उठायची. आता कौशल्याला गाडीची किल्ली हातात घेतानाही धडकी भरायची. ओढणीने मुलीला स्वतःशी बांधून घ्यावं, असा वेडा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

शेवटी तिचा धीर सुटला. दिवाळीच्या सुमारास ज्ञानदेवला झोपेत हृदयविकाराचा झटका आला होता. इस्पितळातून आल्यावर त्याला दिलेल्या झोपेच्या गोळ्या कपाटात उरल्या होत्या. जेवणं झाल्यावर कौशल्याने त्यातली अर्धी तोडून मुलीसमोर धरली. डॉक्टर नको म्हणाल्या होत्या, हे ठाऊक असूनही धरली.

राजनंदिनी मागे सरकली. "ही घेतली आणि मला जागच आली नाही तर?"

"अगं, जाग कशाला यायला हवी?"

"बाबांचा श्वास कोण ऐकणार?"

कौशल्याला झटका आला ती पहाट आठवली. त्या पहाटे मुलगी अभ्यासाला उठली होती. बाबांचं घोरणं विचित्र ऐकू आलं म्हणून तिनेच आईला हलवून उठवलं होतं. मग जो भेटायला यायचा, तो हेच म्हणायचा, पोरगी जागी होती म्हणून बाप वाचला. कौशल्याही कौतुकाने प्रत्येकाला तेच सांगत राहिली होती. पोरीने ते मनावर घेतलं होतं. तेव्हापासून ती भिंतीला कान लावून पडून राहायची.

गोळी कचऱ्यात गेली. कौशल्याने ज्ञानदेवला सगळं सांगितलं. पुढच्या तपासणीला तो मुलीलाच सोबत घेऊन गेला. तिने हृदयाच्या डॉक्टरांना हवं ते विचारलं आणि त्यांनीही न चिडता सगळं समजावून सांगितलं. धोका अजिबात नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. घरी आल्यावर कौशल्या म्हणाली, "तू त्या दिवशी उठवलंस, ते उपकारच झाले. पण रात्रीची पाळी माझी. तुझी नाही."

झोप काही लगेच आली नाही. कधी दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा मुलगी दाराशी उभी दिसायची. कौशल्या न रागावता सांगायची, मी ऐकतेय, तू जा. सकाळचं फिरणं आणि फोनचा नियम तिने सोडला नाही. हळूहळू मुलीच्या गालांवर रंग आला.

मग एका रविवारी ऊन खिडकीत आलं तरी राजनंदिनी उठली नाही. कौशल्याने वाकून मुलीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास गरम लागला.

"आई, काय करतेस?" मुलगी डोळे न उघडताच पुटपुटली.

"काही नाही. झोप."

आता दोघी पूल ओलांडतात तेव्हा मागून सारखी बडबड ऐकू येते. कौशल्याची झोप मात्र कच्चीच राहिली आहे. ज्ञानदेवने कूस बदलली तरी ती उठून बसते, त्याचा श्वास ऐकते. हे तिने मुलीला सांगितलेलं नाही.