टेंपो निबंधात कुठं असतो?

रणपिसे मॅडम गेल्याचं मला कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर कळलं. कंपनीच्या स्टोअरमध्ये आलेला माल मोजून घेत होते, खिशातला फोन थांबायलाच तयार नाही, म्हणून बघितलं. वर मॅडमचा फोटो, खाली जोडलेले हात, आणि त्याखाली प्रत्येकानं तेच चिकटवलेलं... ‘कधीही न भरून येणारी पोकळी’, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’. मला रडू यायच्या आधी राग आला. अरे, ज्या बाईनं वर्षभर आपल्याला असलं एक वाक्य लिहू दिलं नाही, तिच्याच फोटोखाली डकवताय? मी लिहिलं, ‘मॅडमना पोकळी चालायची नाही. खरं काहीतरी लिहा, नाहीतर गप्प बसा.’ मग एकानं लिहिलं, ‘मॅडमनी मला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं.’ त्याखाली दुसरा, ‘मला तर कितीदा.’ आणि मग जे सुरू झालं, ते संध्याकाळपर्यंत थांबेना. मी खोक्यांच्या मागं जाऊन पोटभर रडून घेतलं.

मॅडम आम्हाला प्रथम वर्षाला लेखनाचा पेपर शिकवायच्या. पिरंगुटच्या जवळचं आमचं कॉलेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली चार-सहा वर्ग. राहायला त्या सूसला. तिथून नांदे, लवळे करत जुन्या स्कूटरवर यायच्या, आणि वर्गात शिरताना पदरावर डंपरचा धुरळा असायचा. उंचीनं बुटक्या, आवाज मात्र शेजारच्या वर्गाला पुरेल असा. माझी बारावी झाली होती, मराठीत मार्क चांगले होते, अक्षर तर सगळ्या गावात नावाजलेलं. तेव्हा लिहिता-वाचता येतं याबद्दल मला काही शंका नव्हती.

पहिल्याच तासाला त्यांनी ‘माझे घर’ लिहायला सांगितलं. आम्ही खूश. हा तर पाचवीपासून पाठ. मॅडमनी सगळे कागद गोळा केले, उभ्या उभ्या वाचले आणि विचारलं, “दारात तुळशीवृंदावन कुणाकुणाच्या आहे? सगळ्यांनी लिहिलंय. हात वर करा.” तीन-चार हात वर आले. मग माझ्याकडं वळून, “तुझ्या दारात काय असतं गं?” मी म्हटलं, “टेंपो.” वर्ग हसला. “मग टेंपो का नाही लिहिलास?” मला खरंच प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, “टेंपो निबंधात कुठं असतो, मॅडम?”

यावर मात्र कुणी हसलं नाही. मॅडमनी आमचे सगळे कागद टरकावले आणि टोपलीत टाकले. “बारा वर्षं तुम्हाला दुसऱ्याच्या घरात राहायला लावलंय,” म्हणाल्या. “आता आपापल्या घरी चला.” मला असा संताप आला होता! चांगल्या अक्षरातला कागद फाडते म्हणजे काय ही बाई!

त्यांची रीत अशी. लिहिणाऱ्यानं आपलं स्वतः वाचायचं नाही. दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, आणि लिहिणाऱ्यानं खिडकीजवळच्या खुर्चीत, वर्गाकडं पाठ करून, ऐकत बसायचं. ऐकणाऱ्यांनी छान म्हणायचं नाही, टाळ्या तर बिलकूल नाहीत. जिथं पुढचं ऐकावंसं वाटेल तिथं फक्त एक शब्द... “मग?” ज्याच्या लिखाणाला शेवटपर्यंत एकही “मग?” मिळाला नाही, त्यानं नव्यानं लिहायचं. पाठ करून बसलेलं असताना मागच्या शांततेनं कसा घाम फुटतो, ते त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळणार नाही. मी दिवाळीपर्यंत कोरडी राहिले. एक “मग?” नाही.

वाचायलाही तसंच शिकवलं. धडा वाचून आम्ही ‘लेखकाला असे म्हणायचे आहे की’ सुरू केलं, की त्या खेकसायच्या, “लेखक गेला घरी! कागदावर काय आहे ते बोल.” मग त्या आम्हाला पाट्या वाचायला लावायच्या. कंपनीच्या गेटवरची, बसथांब्यावरची, त्यांच्या सोसायटीतली ‘घरकाम करणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये’ ही. ही पाटी कुणी लावली, ती कुणी वाचायची, आणि वाचणाऱ्याला त्या क्षणी काय वाटतं? एवढंच विचारायच्या. अशाच एका दिवशी मी उरवड्याला घरी आले, गाडी लावली, आणि आमच्याच दारातली पाटी पहिल्यांदा वाचली. ‘पाणी सकाळी सहा ते साडेसातच. नंतर मिळणार नाही. हुकुमावरून.’ पत्र्याची पाटी, वर लाल रंगातली अक्षरं. अक्षर माझंच. शाळेत असताना अप्पांनी सांगितलं तसं मी रंगवलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अप्पा कौतुकानं दाखवायचे.

अप्पा म्हणजे माझे वडील. घराच्या मागं त्यांनी भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्यात, तिथं कंपन्यांत काम करणारी माणसं राहतात. सगळ्यांत मिळून एक नळ. साडेसातला अप्पा मोटर बंद करायचे, कारण काय तर भाडेकरू पाणी सांडतात. मी त्या नळावर लिहिलं. रात्रपाळी करून आठला येणाऱ्या रेखाताईला तोंड धुवायला पाणी नसतं, ती बादली घेऊन मागच्या दाराशी येते, आणि माझी आई, अप्पा रानात गेलेत ना हे बघून, तिला आपल्या हंड्यातलं पाणी ओतून देते... एवढंच होतं. वाचताना मागून एक “मग?” आलं. मग दुसरं. मग सगळा वर्गच. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते म्हणून बरं, नाहीतर माझा चेहरा सगळ्यांना दिसला असता.

मॅडमनी तो कागद कॉलेजच्या भित्तिपत्रकात लावला. कुणीतरी फोटो काढला, पोरीनं घरच्या नळावर लिहिलंय एवढं अप्पांच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा टेंपो घेऊन कॉलेजच्या दारात हजर. “बाई, आमच्या घराची अब्रू भिताडाला चिकटवलीया तुमी. काडा ती पयली!” प्राचार्य धावत आले. अप्पांची संस्थेत ओळख. “काढून टाका हो मॅडम, कशाला वाद,” असं म्हणत त्यांनी हात घातलासुद्धा. मॅडम मधे उभ्या राहिल्या. “सर, हात लावायचा नाही. ह्यात काही खोटं असेल तर मी स्वतः फाडीन, मला सवय आहे. पण आमच्याकडं रीत आहे. ज्याची तक्रार असेल त्यानं आधी मोठ्यानं वाचायचं.” अप्पांकडं वळून म्हणाल्या, “वाचा. कुठं खोटं आहे तिथं थांबा.”

अप्पा हटायचे नाहीत. चष्मा नसल्यानं कागद लांब धरून, एकेक शब्द जुळवत वाचायला लागले. व्हरांड्यात सगळं कॉलेज गोळा झालेलं. आईच्या हंड्यापाशी ते थांबले. कागद तसाच हातात. आणि मागून कुणाच्यातरी तोंडून, सवयीनंच गेलं, “मग?”

अप्पांनी वळून बघितलं. “मग काय? ह्ये मला म्हाईतच न्हवतं,” म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. “खोटं न्हाई. पन लिवायचं कशाला? चल घरी. झालं तुजं कालेज.”

कॉलेज बंद झालं. चुलत्यांनी लगेच स्थळ सुचवलं. मी अप्पांशी बोलणं टाकलं, ते माझ्याशी. आई दोघांना जेवायला वाढायची आणि कुणाशीच बोलायची नाही. मला वाटलं, झालं... प्रथम वर्षाची परीक्षासुद्धा नाही, आयुष्यभर पाट्या रंगवायच्या आता.

एका दुपारी मॅडमची स्कूटर दारात. अप्पांनी खुर्ची दिली, ती त्यांनी नको म्हटली आणि टेंपोच्या फळीवर बसल्या. मला वाटलं आता विनवण्या करणार, मुलीचं शिक्षण, भवितव्य वगैरे. छे! चहा घेत म्हणाल्या, “तुमच्या मुलीचा पुढचा भाग राहिलाय. पोरं रोज विचारतात, नळाचं मग काय झालं? मी काय सांगू त्यांना?” बोलली ती आई, दारातून. माझ्या आईला परक्या माणसासमोर बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. “सांगा, सोमवारी यील ती.” अप्पा म्हणाले, “आता तूबी?” आई म्हणाली, “व्हय. मीबी.”

सोमवारी मी गेले. पुढं बीए झाले, स्टोअरला लागले, आज तिथल्या नोटिसा मीच लिहिते, आणि त्या वाचणाऱ्याला काय वाटेल ते आधी स्वतःला विचारते. स्थळवाल्यांना कधीच वाटेला लावलं. मॅडम निवृत्त झाल्या तरी भेटल्या की पहिला प्रश्न तोच, “नळाचं पुढचं लिहिलंस?” मी इकडचं तिकडचं बरंच लिहिलं, इथल्या पुरवणीत छापूनही आलं, पण ते तेवढं टाळत राहिले. शेवटची भेट सूसच्या त्यांच्या घरी. औषधांनी बाई निम्मी झाली होती, डोळे तेवढे तेच. मी म्हटलं, “मॅडम, अप्पांना आवडायचं नाही.” त्यांनी उशीवरून मान उचलली. “आवडायला का लिहितात, मूर्ख! त्यांनाच वाचायला दे.” मूर्ख म्हणाल्या तेव्हा माझ्या जिवाला जरा बरं वाटलं... वाटलं, अजून आहे बाई. आठ दिवसांत तो मेसेज आला.

शोकसभेत मला दोन मिनिटं दिली होती. सूत्रसंचालकानं कानात सांगितलं, “जरा भावपूर्ण.” मी उभी राहिले आणि म्हटलं, “मॅडम तापट होत्या. वेळेवर कागद दिला नाही तर अपमान करायच्या. त्यांच्यामुळं माझ्या घरात भांडण झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.” पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. बघू देत.

तर हा लेख. लिहून झाल्यावर काल मी अप्पांच्या हातात दिला. आता चष्मा आहे त्यांना. ते मोठ्यानं वाचत होते, मी त्यांच्याकडं पाठ करून दारात बसले होते, समोर टेंपो. शेवटी मी लिहिलं होतं की, मी कॉलेजला परत गेले त्या आठवड्यात दारातली पाटी दिसेनाशी झाली, मोटर दिवसभर चालू राहायला लागली, आणि अप्पांनी न बोलता आपली चूक सुधारली. तिथं ते थांबले.

“ह्ये खोटं हाय,” म्हणाले.

“काय खोटं?”

“पाटी मी न्हाई काडली. तुज्या आईनं काडली. मी निस्ती परत लावली न्हाई, मोटर बंद केली न्हाई. माझं येवढंच. जा, बघ जा, मागल्या पिपावर हाय.”

मी मागं गेले. भाडेकरूंच्या पाण्याच्या पिंपावर एक गंजका पत्रा झाकण म्हणून असतो, इतकी वर्षं मी तो बघत आले. उचलून उलटा केला. लाल रंग जागोजागी उडालेला, पण अक्षर माझंच... ‘नंतर मिळणार नाही’. खाली पिंप काठोकाठ भरलेलं. मी पत्रा पुन्हा पालथा ठेवला, आत आले आणि लेखातली शेवटची ओळ अप्पांच्या देखत फाडली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, सगळं ऐकत. मी तिला विचारलं, “तू काढलीस? अप्पांना भ्यायली नाहीस?”

आई नुसती हसली. अप्पांनी चष्मा पुसला, परत डोळ्यावर चढवला आणि तिच्याकडं बघून म्हणाले, “सांग की आता. मग?”