फोनवर ऐकवलेलं इंजिन

चिन्मय, सई,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या कपाटावरची निळी बोट पाहून तुम्ही विचारलंत, हे खेळणं कोणाचं? मी "शेजाऱ्यांचं" एवढंच म्हटलं. ते खरं आहे, पण अपुरं. माझं एक सांगायचं राहून गेलं आहे. ज्यांना सांगायचं होतं ते आता नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

"आदी ऐका, मग खोला." आमच्या शेजारच्या मिस्त्रींचं हे नेहमीचं बोलणं. केजला मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा ते भिंतीपलीकडे राहत. बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. कोणतंही यंत्र आलं की पाना उचलण्याआधी ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत. माझा मिक्सरही असाच ऐकला आणि म्हणाले, "बाई, ह्याला कायबी झालं न्हाई. तुमी चटनी लई कोरडी वाटताय."

बोट त्यांच्या जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने आणून दिली होती. चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ उभे राहत होते, ते दिवस. दोन हात लांब बोट, आत मुठीएवढं खरंखुरं इंजिन. माहितीची पुस्तिका इंग्रजीत, म्हणून ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्याला पेट्रोल चालत नसे. लातूरहून मेथनॉल आणायचं, त्यात एरंडेल मिसळायचं. नायट्रो नावाचं तिसरं द्रव्य कुठेच मिळेना, तेव्हा मिस्त्रींनी इंजिनात जाणारं इंधन कमी-जास्त करणारी तेलाची सुई जरा जास्त कसून त्याच्यावाचून भागवलं. टॉर्चच्या सेलवर प्लग तापवायचा, चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा, की इंजिन चवताळलेल्या गांधीलमाशीसारखं ओरडू लागे. पाझर तलावावरून परत आलं की उरलेलं तेल काढून आत दोन थेंब वंगण सोडायचं, नाहीतर ते आतून गंजतं. यात ते कधी चुकले नाहीत.

बायको गेल्यावर बापलेकांत बोलण्यासारखं हे इंजिनच उरलं होतं. दर रविवारी बूथवर जाऊन मिस्त्री सुईचे फेरे सांगत, तिकडून मुलगा प्लगचा रंग विचारे. तब्येत, जेवणखाण, यातलं काही कोणी विचारत नसे. त्या दिवाळीला मुलगा येणार होता. दोघांनी मिळून बोट पाण्यात सोडायची, असं ठरलं होतं.

खंडेनवमीला मिस्त्री हत्यारांचा डबा आणि बोट घेऊन आमच्या ओसरीवर आले. "दरसाली पोराची आईच करायची पूजा. औंदा तुमी लावा कुंकू." मी मनापासून लावलं. पान्यांना, पकडींना आणि इंजिनाच्या उघड्या तोंडापाशी चांगलं चिमूटभर.

दसऱ्यानंतर इंजिन दोन क्षण पेटून बंद पडू लागलं. मिस्त्रींनी ऐकलं आणि म्हणाले, "तेल पोचंना." प्लग लाल होत होता. मेथनॉल नवं आणलं, नळी बदलली. मी पुस्तिकेतली दोषांची यादी क्रमाने वाचत होते. "आत घाण असेल," असं त्यात होतं. "रोज पुसतो मी, घान कुठनं येईल?" असं म्हणून त्यांनी मला पुढचं वाचायला सांगितलं. रविवारी फोनवर मात्र ते मुलाला म्हणाले, "लई झकास चालतंय." त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी त्यांनी सुई पूर्ण बाहेर काढली. मी चहा घेऊन दारात पोचले होते. सुईच्या टोकाला एरंडेलात कालवलेला लाल चिखल मला स्पष्ट दिसला. मला पाहताच त्यांनी ती फडक्यात गुंडाळली.

"काय सापडलं?"

"प्लग गेलता," ते म्हणाले.

मी चहा ठेवला आणि परत आले.

मग मुलाची रजा रद्द झाली. त्या रविवारी मिस्त्री बोट आणि धुण्याचा टब घेऊन बूथवर निघाले. इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं, म्हणून मी बादली घेतली. बूथवाला कुरकुरला, गिऱ्हाईक पळंल म्हणाला. "तुजा बंद पडलेला पंखा कुनी चालू केला रं?" एवढं ऐकून त्याने नंबर फिरवला. फोन लागला.

"आदी ऐक," मिस्त्री मुलाला म्हणाले, आणि दोरी ओढली.

धूर, शिंतोडे, कान फाडणारा आवाज. टाकी रिकामी होईपर्यंत ते रिसीव्हर इंजिनाजवळ धरून, डोळे मिटून उभे होते. मग रिसीव्हर कानाला लावून म्हणाले, "बंद पडलतं. मी खोटं बोललो तुला. प्लग गेलता." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना मी विचारलं, काय म्हणाला?

"सुई जरा सैल करा म्हनला." बरंच चालून झाल्यावर पुढचं आलं. "आन् जेवताव का टायमावर, म्हनून इचारलं."

काही वर्षांनी मिस्त्री गेले. मुलगा आला, घर रिकामं करून बोट माझ्याकडे ठेवून गेला. कुंकू माझं होतं हे मला कळलं होतं, हे मी मिस्त्रींना कधीच सांगितलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी इंजिनात दोन थेंब वंगण घालते. ते पेटत नाही. पण चाक अजून हाताने फिरतं.